टक्केवारीचे विमान

नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्ही बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, ओझरच्या कारखान्यात सुखोई विमान तयार होते. मग ते विमान आपले की रशियाचे?” आम्ही “तसे दोघांचेही” असे काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. मुलीचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. समाधान आमचेही झाले नव्हते. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे.

वृत्तपत्रांत या प्रश्नाचे उत्तर टक्क्यांत देण्याची पद्धत आहे. अमुक विमान साठ टक्के स्वदेशी, तमुक विमान पुढच्या पाच वर्षांत सत्तर टक्के स्वदेशी होणार, असे आपण वाचतो आणि शाळेच्या फळ्यावरही लिहितो. आमचा आक्षेप या टक्केवारीलाच आहे. ती खोटी असते असे आमचे म्हणणे नाही. जे मोजायला हवे ते ती मोजत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

टक्केवारी बहुधा किमतीवरून काढतात. विमानाची किंमत शंभर रुपये धरली आणि त्यातले ऐंशी रुपयांचे भाग देशात तयार झाले, तर विमान ऐंशी टक्के स्वदेशी. उरलेल्या वीस रुपयांत इंजिन असेल, तर ते मिळेपर्यंत ऐंशी रुपयांचे विमान धावपट्टीच्या कडेला उभे राहणार. म्हणजे टक्केवारी बेरजेने चालते आणि विमान गुणाकाराने चालते. बेरजेत एक आकडा शून्य असला तरी बाकीची रक्कम शिल्लक राहते. गुणाकारात एक शून्य आले की सगळेच शून्य. हे सातवीच्या वर्गालाही सहज समजेल.

हा केवळ गणिती युक्तिवाद नाही. तेजस एमके-१ए या सुधारित विमानांपैकी ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. सांगाडे तयार होत होते, पण एफ-४०४ जातीची इंजिने अमेरिकेहून वेळेवर आली नाहीत. या मालिकेतले पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. विमाने उशिरा होण्याला इतर कारणेही होती, पण इंजिनाचे कारण टक्केवारीने झाकण्यासारखे नव्हते.

आता थोडा इतिहास पाहू. भारतात विमानाचा कारखाना काढण्याचे श्रेय सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना जाते. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. तिथे पुढे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी विमानरचनेची परंपरा सुरू केली. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रचलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ मध्ये उडाले. १९६४ मध्ये किरण हे जेट प्रशिक्षण विमान उडाले. मध्यंतरी, १९५६ मध्ये, जर्मन रचनाकार कुर्ट टांक भारतात आले आणि जून १९६१ मध्ये मरुत हे लढाऊ विमान आकाशात झेपावले. तेजसचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले.

ही चार विमाने आपण रचली. त्यांची इंजिने पाहा. एचटी-२ ला ब्रिटिश सिरस मेजर, किरणला ब्रिटिश व्हायपर, मरुतला ब्रिटिश ऑर्फियस आणि तेजसला अमेरिकन एफ-४०४. पन्नास वर्षांत विमाने बदलली, पण इंजिन परक्याचेच राहिले.

यातला मरुतचा धडा सर्वांत कडू आहे. हे विमान ध्वनीच्या सुमारे दुप्पट वेगाने जावे, अशी अपेक्षा होती. त्यासाठी ऑर्फियसची अधिक शक्तिशाली आवृत्ती लागणार होती. ब्रिटिशांनी त्या आवृत्तीचे काम सोडले. पुढचा विकास करायचा तर खर्च भारताने द्यावा, असा प्रस्ताव आला आणि तो आपण नाकारला. मग साध्या ऑर्फियसवर भागवावे लागले आणि मरुत जेमतेम ध्वनीच्या वेगापर्यंत पोचले. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्याने चांगली कामगिरी केली, तरीही ते ‘अपुऱ्या शक्तीचे विमान’ म्हणूनच ओळखले गेले. इंजिनाची शक्ती वाढवण्याचे प्रयत्न आपल्या अभियंत्यांनी केले. अशाच एका नमुन्याच्या उड्डाणात १९७० मध्ये ग्रुप कॅप्टन सुरंजन दास हे नामवंत चाचणी वैमानिक मृत्युमुखी पडले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ऑर्फियस इंजिन त्या काळी बंगळूरला परवान्याखाली तयार होत होते. टक्केवारी काढली असती तर ती उत्तमच आली असती. इंजिन बनवता येत होते, पण त्यात हवा तो बदल वेळेत घडवून आणण्याइतके ज्ञान, चाचणीच्या सोयी आणि अनुभव आपल्यापाशी नव्हते.

परवाना घेऊन वस्तू बनवणे आणि वस्तू रचणे यांत फरक काय, हे समजण्यासाठी दिवाळीच्या चकलीकडे वळू. बाजारातून तयार भाजणी आणली, पाकिटावर लिहिले आहे तसे मोहन घातले, सोऱ्याने चकल्या पाडल्या. चकली घरीच झाली, यात शंका नाही. पण एखाद्या वर्षी ती तेलात विरघळू लागली किंवा दगडासारखी कडक झाली, तर काय करायचे? तांदूळ किती, चण्याची डाळ किती, उडीद किती, कोणते धान्य किती भाजायचे आणि का, हे जिने स्वतः भाजणी करताना अनुभवले आहे तिलाच दोष कुठे आहे ते कळते. परवान्याबरोबर येणाऱ्या आराखड्यात मापे असतात आणि त्या मापांत किती फरक चालेल तेही असते. तेच माप का, हे त्यात नसते. ते ‘का’ मूळ रचनाकारांच्या फसलेल्या प्रयोगांच्या वह्यांत असते, आणि त्या वह्या कोणी विकत नाही.

इंजिन एवढे अवघड का, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. आधुनिक लढाऊ जेट इंजिनात ज्वलनकक्षातून टर्बाइनवर येणाऱ्या वायूचे तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या वर असते. टर्बाइनची पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात तो साधारण १३५० अंशांच्या आसपास वितळू लागतो. म्हणजे पाते स्वतःच्या वितळणबिंदूपेक्षा जास्त तापलेल्या वायूत फिरत असते. ते टिकते, कारण त्याच्या पोटात बारीक पोकळ्या कोरून त्यांतून तुलनेने थंड हवा खेळवलेली असते आणि वरून उष्णतारोधक थर दिलेला असतो. शिवाय तापलेला धातू ताणाखाली हळूहळू लांबतो आणि बहुधा स्फटिककणांच्या सीमांवर दुबळा पडतो. म्हणून संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे ओततात, म्हणजे सीमाच उरत नाहीत.

ताण किती असतो, याचे गणित अकरावीच्या विद्यार्थ्यांना घालता येईल. पाते शंभर ग्रॅमचे, अक्षापासूनचे अंतर पंचवीस सेंटिमीटर आणि फेरे मिनिटाला बारा हजार धरा. केंद्रगामी बलाचे सूत्र वापरले तर उत्तर चाळीस हजार न्यूटनच्या जवळ येते. म्हणजे बोटभर पात्यावर जवळजवळ चार टनांची ओढ, तीही लालभडक तापलेल्या अवस्थेत.

हे ज्ञान मिळवण्यासाठी भारताने कावेरी इंजिनाचा प्रकल्प हाती घेतला. वजन ठरल्यापेक्षा जास्त भरले, जोर कमी पडला आणि २००८ मध्ये तेजस व कावेरी यांची फारकत झाली. उंचावरच्या विरळ हवेत इंजिन कसे वागते, हे तपासण्याची सोय देशात नसल्याने २०१० मध्ये ते रशियात नेऊन तिथल्या मोठ्या विमानावर बसवून तपासावे लागले. कावेरीची टिंगल करणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते टीका वेगळ्या ठिकाणी व्हायला हवी. प्रयोगशाळेने आवाक्याबाहेरच्या मुदती जाहीर केल्या, हा पहिला दोष. चाचणीच्या सोयी आधी उभारायच्या असतात, त्या राहून गेल्या, हा दुसरा. आणि पहिल्याच इंजिनाचे भवितव्य एका विमानाच्या वेळापत्रकाला बांधले, हा तिसरा. परीक्षेत पहिल्या प्रयत्नात पास झाला नाही म्हणून मुलाला शाळेतून काढत नाहीत, पण अभ्यासाला दिवाच दिला नसेल तर तेही सांगितले पाहिजे.

उलट उदाहरणही आपल्याच घरचे आहे. तेजस मुद्दाम अस्थिर रचलेले विमान आहे. चपळ वळणे घेता यावीत म्हणून तसे करतात. उभ्या धरलेल्या काठीला बोटावर तोलताना हात सतत हलवावा लागतो, तसे संगणकाला दर क्षणी विमान सावरावे लागते. या नियंत्रण प्रणालीसाठी अमेरिकन कंपनीचे साहाय्य घेतले होते. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले आणि ते साहाय्य थांबले. आपल्या शास्त्रज्ञांनी काम स्वतः पुरे केले आणि अडीच-पावणेतीन वर्षांत विमान उडाले. दार बंद झाले तेव्हा जे येत होते ते कामी आले. मरुतच्या वेळी दार बंद झाले तेव्हा ते येत नव्हते. दोन्ही वेळी टक्केवारीने काहीच सांगितले नसते.

मग सगळेच घरी करावे काय? आमचे तसे मत नाही. स्वीडनच्या ग्रिपेन विमानाचे इंजिन मूळ अमेरिकन आहे, तरी ते विमान स्वीडनचेच मानले जाते. ब्राझीलने १९५० मध्ये विमानविद्येची अभियांत्रिकी संस्था काढली, शिक्षक आणि अभियंते तयार केले, आणि १९६९ मध्ये एम्ब्राएर ही कंपनी स्थापन केली. इंजिने विकत घेतली, पण लहान प्रवासी विमानाची रचना स्वतःची ठेवली आणि जगाच्या बाजारात जागा मिळवली. काय घरी करायचे आणि काय विकत घ्यायचे, हे त्यांनी ठरवून केले. नुसता पाहुणा रचनाकार आणून हे होत नाही. भारतात येण्यापूर्वी कुर्ट टांक अर्जेंटिनात होते. तिथे त्यांचे पुल्की-२ हे जेट १९५० मध्ये उडाले आणि नमुन्यांपलीकडे गेले नाही. इजिप्तने मेसरश्मिट यांच्याकडून रचून घेतलेले एचए-३०० विमान १९६४ मध्ये उडाले आणि १९६९ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

परवान्याच्या उत्पादनालाही आम्ही निरुपयोगी म्हणत नाही. १९६२ च्या करारानंतर ओझरला मिगची बांधणी सुरू झाली, इंजिने कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक भाग हैदराबादला तयार होऊ लागले. हजारो कुशल कामगार घडले, देखभाल देशात होऊ लागली. पण मिग-२१ ची जागा घेणारे विमान त्यातून आपोआप निघाले नाही. वायुदलाला ते विमान सप्टेंबर २०२५ पर्यंत वापरावे लागले. प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे अशी शिफारस १९८२ मध्येच झाली होती, हॉक विमानाचा करार २००४ मध्ये झाला. मधल्या काळात तरुण वैमानिक साध्या प्रशिक्षण विमानावरून थेट मिगवर बसत होते. तोपर्यंत घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले, असे २०१२ मध्ये संसदेत सांगण्यात आले. या सर्व अपघातांचे कारण एकच नव्हते. पण निर्णयाला लागलेल्या विलंबाची किंमत रुपयांतच मोजायची नसते, हे या आकड्यांवरून कळते.

तेव्हा वर्गात ‘स्वदेशी’ शब्द आला की टक्केवारी पाठ करून घेण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. या वस्तूच्या आराखड्यात बदल करण्याचा अधिकार आणि अक्कल कोणाकडे आहे? कोणता भाग अडला तर वस्तू बंद पडेल, आणि तो कोणाच्या हातात आहे? ती तपासण्याची सोय कुठे आहे? हे प्रश्न विमानाला लागू पडतात, तसेच औषधाला, बियाण्याला आणि संगणकालाही पडतात. २०२३ मध्ये एफ-४१४ इंजिन भारतात बनवण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा किमतीच्या हिशेबाने सुमारे ऐंशी टक्के तंत्रज्ञान मिळणार असे सांगितले गेले. उरलेल्या वीस टक्क्यांत काय आहे, हा त्यातला खरा प्रश्न.

आणि त्या मुलीला आता आमचे उत्तर असे: बाळ, ओझरचे सुखोई आपल्या हातांनी घडते, पण त्याच्या आराखड्याची भाजणी रशियाची आहे. ते चालवणे, दुरुस्त करणे, त्यात आपली काही उपकरणे बसवणे आपल्याला जमते. तेवढ्यापुरते ते आपले. ज्या दिवशी त्याच्या इंजिनाचे पाते तसेच का आहे हे सांगून त्याहून चांगले पाते आपण ओतू, त्या दिवशी तुझ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येईल. ते पाते ओतणारी माणसे आज नववी-दहावीतच असतील, म्हणून तुझ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणे ही आमची चूक होती.