घाटातील धूर आणि इंधन-अंतःक्षेपण : एक चिकित्सा

अपुऱ्या हवेत अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी म्हणजेच काळा धूर होय. उच्च दाबाने इंधनाचे सूक्ष्म तुषार करणे व मुख्य फवाऱ्यानंतर अल्प उत्तर-फवारा देणे, या कॉमन रेल प्रणालीतील उपायांनी तो घटविता येतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज ६ मानके लागू झाली. तथापि यांत्रिक पंपाच्या जुन्या ट्रकना हा लाभ नाही. त्यांची भिस्त पीयूसी तपासणीवर आहे. ही तपासणी मात्र उभ्या वाहनाचे इंजिन गिअर न टाकता वेगवून होते. महाडहून पोलादपूरमार्गे कशेडी वा आंबेनळी घाट चढताना इंजिनावर येणारा भार तिच्या कक्षेबाहेरच राहतो. परिणामी प्रमाणपत्रधारक वाहनही चढावर धूर ओकू शकते. नोझल व अंतःक्षेपणकाल यांची भाराखाली पारख होत नाही, तोवर ही कसोटी घाटापुरती तरी अपुरीच ठरते.