मुके खांब

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात १९३८ पासून चरख्याची केवढी शान! पण आंजीत आमच्या टीपॉयवरच्या क्रोशाच्या रुमालाला एक समीक्षक मिळू नये? म्हणून ही समीक्षा.

सूत केसासारखे बारीक. रचना साखळी, खांब आणि मुका खांब यांची. वीण घट्ट होते ती मुक्या खांबांनी. वाहवा मात्र भोकांची होते. शिस्त अशी, की शेवटचा टाका सुटून दोरा ओढला गेला तर सगळे उसवलेच. कादंबरीतले अख्खे प्रकरण गळले तरी कुणाला पत्ता लागत नाही!

दोष एकच. विणणारीचे नाव कुठेच नाही. काकूंना तसे म्हटले, तर म्हणाल्या, “नाव कायले लागते, बाबू? पहिले तो चहाचा कप उचल. डाग पडन!”