यंत्र चालवणारे कार्ड : वर्गासाठी कितपत उपयोगी?

कोथरूड म्हटले की आता मेट्रो आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण १९६२ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर कमिन्सचा डिझेल इंजिनांचा कारखाना येथलाच, आणि १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनसंशोधन संस्थाही येथल्याच टेकडीवर आहे. अशा परिसरातल्या तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलाची गाठ संगणकावर चालणाऱ्या लेथशी किंवा मिलिंग यंत्राशी केव्हातरी पडतेच. मात्र यंत्राशेजारचा नियंत्रक त्याच्यासाठी बहुधा एक बंद पेटीच राहतो. बटणे कोणती दाबायची हे शिकवले जाते, आत काय चालते हे नाही.

ही पेटी उघडून दाखवणाऱ्या दोन रचना आम्ही शिक्षकाच्या नजरेने तपासल्या. दोन्ही 'लिनक्स सीएनसी' या मुक्त प्रणालीसाठी आहेत. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेत घडलेल्या ईएमसी प्रकल्पातून ही प्रणाली आली. पहिली रचना म्हणजे मेसा कंपनीच्या कार्डांवर चालणारे 'होस्टमॉट-२' हे फर्मवेअर. दुसरी 'लाइटेक्स-सीएनसी'. ती एलईडी फलकांसाठी बनलेल्या 'कलरलाइट' या स्वस्त कार्डावर चालते. दोन्ही कार्डांच्या पोटात एफपीजीए असतो. एफपीजीए म्हणजे हजारो लहान तर्कपेशी असलेली चिप. पेशींची जोडणी कशी व्हावी हे कारखान्यात नव्हे, आपण ठरवतो.

अशी चिप हवी कशाला? संगणक तर वेगवान असतोच! हा प्रश्न विद्यार्थी विचारणारच, आणि 'एफपीजीए जास्त वेगवान असतो' हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. एक साधे गणित करून पाहू. स्टेपर मोटरला एका फेऱ्यासाठी २००० पल्स लागतात आणि स्क्रूची चाल ५ मिलिमीटर आहे असे धरा. म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला ४०० पल्स. टेबल मिनिटाला ३ मीटर, म्हणजेच सेकंदाला ५० मिलिमीटर सरकवायचे असेल तर सेकंदाला २०,००० पल्स हव्यात, दर ५० मायक्रोसेकंदांनी एक. संगणक सरासरीने हे सहज करील. पण मध्येच त्याला डिस्क, पडदा, माऊस यांच्याकडे पाहावे लागते आणि एखादी पल्स २० मायक्रोसेकंद उशिरा जाते. मोटर भरवेगात असताना एवढी अनियमितता तिला अडखळवू शकते. पायरी एकदा चुकली की पुढचा सगळा जॉब तेवढ्याने सरकलेला.

उलट दिशेने पाहिले तर अडचण अधिकच ठळक होते. सर्व्हो मोटरच्या एनकोडरवर २५०० रेघा असल्या तर चौपट मोजणीने एका फेऱ्याला १०,००० खुणा होतात. ३००० फेरे प्रतिमिनिट या वेगाला दर दोन मायक्रोसेकंदांनी एक खूण. दर मिलिसेकंदाला डोकावणाऱ्या संगणकासमोरून दोन डोकावण्यांच्या मध्ये ५०० खुणा निघून जातात! म्हणून मोजण्याचे काम एफपीजीएने करायचे आणि संगणकाने मिलिसेकंदाला एकदा बेरीज विचारायची. वक्तशीर कामे कार्डाकडे, विचार संगणकाकडे, अशी ही वाटणी आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या सुधारित यंत्रणेतही हीच जात दिसते : येणाऱ्या संकेतांचे अंकीकरण करून ते पुढे पाठवण्याचे काम एफपीजीए करतात, आणि पुढची मोठी गणिते जीपीयू.

होस्टमॉट-२ मध्ये ही वाटणी फार स्वच्छ दिसते. सुरुवातीला कार्डच संगणकाला सांगते, की माझ्यात इतके पल्सजनक आहेत, इतके मोजक आहेत, ते अमुक पिनांवर आहेत. विद्यार्थ्याला हे दाखवायला आम्हाला आवडेल. पण त्याचा व्हीएचडीएल मजकूर अनुभवी अभियंत्यासाठी लिहिलेला आहे. शिवाय स्पार्टन-६ पर्यंतच्या जुन्या चिपांसाठी झायलिंक्सचे आयएसई हेच साधन लागते, आणि त्याची शेवटची आवृत्ती २०१३ मधली आहे.

लाइटेक्स-सीएनसीला लागणारी साधने मुक्त आहेत, कार्डही शाळेला परवडेल असे आहे. तरी आमची तक्रार याच्याबद्दल अधिक आहे. जेसन फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या की सर्किट आपोआप तयार होते आणि मुलाला एकही तर्कपेशी दिसत नाही. जुन्या बंद पेटीच्या जागी नवी बंद पेटी! कलरलाइट कार्डावरचे बफर फक्त बाहेर जाणाऱ्या संकेतांसाठी आहेत. लिमिट स्विच जोडायचा तर ते काढून बदल करावा लागतो, आणि खालची चिप ५ व्होल्ट सोसत नाही. डाग देण्याचा सराव नसलेल्या वर्गात हे कार्ड फार दिवस टिकणार नाही.

सुरक्षिततेबद्दल मात्र जास्त सांगायला हवे. बहुतेक एफपीजीए वीज गेली की कोरे होतात. वीज आल्यावर फ्लॅशमधून जोडणी भरली जाईपर्यंत पिनांवर काय असते? मेसाच्या जुन्या कार्डांच्या माहितीपुस्तिकेत याचे उत्तर आहे : सर्व पिना वर खेचलेल्या असतात, म्हणून ती अवस्था सुरक्षित ठरेल अशीच बाहेरची जोडणी करावी. संगणकाचा संदेश ठरलेल्या वेळेत आला नाही तर होस्टमॉट-२ मधला पहारेकरी पिना सोडून देतो, तेव्हाही हेच घडते. आता ड्राइव्हला 'चालू' करणारा संकेत वरच्या पातळीचा असेल तर? पहारेकऱ्याने झडप घातली आणि मोटर सुटली! बाजारातल्या एका प्रशिक्षण संचाच्या आराखड्यात आम्हाला आपत्कालीन लाल बटण केवळ कार्डाच्या एका इनपुटला जोडलेले दिसले. म्हणजे फर्मवेअर अडकले तर बटणही अडकले. हे बटण मोटरची वीज तोडणाऱ्या काँटॅक्टरलाच जोडलेले हवे. कार्डाला त्याची फक्त खबर मिळावी. बोटे विद्यार्थ्यांची असतात.

म्हणून आम्ही सुचवू की अख्खे फर्मवेअर वर्गात आणू नये. एनकोडरचा अ आणि ब हे दोन संकेत घेऊन वर-खाली मोजणारा मोजक मुलांनी स्वतः व्हेरिलॉगमध्ये लिहावा; पन्नासएक ओळी पुरतात. या ओळी संगणकाच्या प्रोग्रामप्रमाणे एकामागून एक चालत नाहीत, सगळे सर्किट एकाच वेळी जागे असते, हे येथेच कळते. एनकोडरची चकती हाताने फिरवून आकडा मागे-पुढे होतो का पाहावे. मोटर जोडण्याआधी आणखी एक तास राखून ठेवावा. कार्डाला वीज द्यायची, पण जोडणी भरू द्यायची नाही, आणि मल्टिमीटरने प्रत्येक पिन मोजून तिची पातळी वहीत लिहायची. ड्राइव्हची तार त्यानंतर हातात घ्यायची.