व्हिएन्नाचे रंगीत घर आणि खिडकीचा हक्क

व्हिएन्नाला जाणारा प्रवासी राजवाडे पाहतो, संगीतकारांची घरे पाहतो आणि बहुधा एक भाड्याची इमारतही पाहतो. शहराच्या तिसऱ्या विभागात, केगेलगासे आणि ल्योवेनगासे या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ती उभी आहे. नाव हुंडर्टवासरहाउस. निळे, पिवळे, तांबडे, पांढरे असे भिंतीचे तुकडे, एकीसारखी दुसरी नाही अशा खिडक्या, माथ्यावर कांद्याच्या आकाराचे सोनेरी घुमट आणि गच्च्यांवरून बाहेर डोकावणारी झाडे. एखाद्या मुलाने रंगीत खडूने काढलेले घर जणू कोणी खरेच बांधले आहे. बहुतेक प्रवासी तेवढ्यावरच थांबतात. छायाचित्र निघते, समोरच्या दुकानातून एखादी वस्तू घेतली जाते आणि ट्राम पकडली जाते. त्या छायाचित्रात जे येत नाही, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

पहिली गोष्ट अशी की, हे कोणा धनिकाच्या लहरीतून उभे राहिलेले घर नव्हे. ही नगरपालिकेने भाडेकरूंसाठी बांधलेली वसाहत आहे. पहिल्या महायुद्धानंतर समाजवादी विचारांच्या नगरपालिकेने कामगारांसाठी प्रचंड गृहसंकुले उभारली. १९२७ ते १९३० या काळात झालेले कार्ल मार्क्स होफ तर एक किलोमीटरहून लांब आहे. त्याच परंपरेत, १९७७ साली, चॅन्सलर ब्रुनो क्राइस्की यांच्या सूचनेवरून महापौर लेओपोल्ड ग्राट्झ यांनी एका चित्रकाराला भाड्याची इमारत करावयास बोलावले. बांधकाम १९८३ ते १९८५ असे चालले. बिऱ्हाडे पन्नासाहून थोडी अधिक; झाडे-झुडपे मात्र सुमारे अडीचशे. चित्रकाराने आपल्या कामाचा मोबदला घेतला नाही.

हा चित्रकार म्हणजे फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर (१९२८–२०००). मूळ आडनाव श्टोवासर. त्यातील ‘स्टो’ हा स्लाव भाषांतील शंभराचा शब्द मानून त्यांनी त्याचे जर्मन केले, म्हणजे ‘शंभर पाणी’. आपल्याकडे बारा गावचे पाणी प्यालेला माणूस पुष्कळ झाला असे समजतात! सरळ रेषा हा त्यांचा जन्माचा शत्रू. निसर्गात ती नाही, ती देवाविरहित आहे, आणि पट्टीने आखलेल्या घरांत माणूस आजारी पडतो, असे त्यांचे म्हणणे. ज्या शहरात विसाव्या शतकाच्या प्रारंभी आडोल्फ लोस यांनी अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीस बसवले, त्याच शहरात या गृहस्थांनी अलंकरणाची बाजू उचलली आणि १९६८ साली लोस यांच्या विरोधात जाहीर भाषण केले.

इमारतीतील सार्वजनिक भागांची जमीनही त्यांनी मुद्दाम उंचसखल ठेवली. सपाट जमीन यंत्रांसाठी ठीक, पायांना मात्र तिचा कंटाळा येतो, हा त्यामागचा विचार. युरोपियन वाचकाला हा चमत्कार वाटत असेल. ज्यांचे बालपण शेणाने सारवलेल्या ओटीवर गेले, त्या आमच्या पिढीच्या वाचकांना तो वाटू नये. ती जमीन कधीच एका पातळीत नसे. कोठे हाताचा दाब अधिक पडलेला, कोठे खळगा बुजवलेला. अंधारातही पायाला कळे की आपण माजघरात आलो. व्हिएन्नात जो विचार जाहीरनाम्यातून मांडावा लागला, तो आपल्याकडे आजीच्या हातातून, न बोलता, दर चार-आठ दिवसांनी घरभर पसरत असे.

परंतु रंग आणि जमीन यांपेक्षा मोलाची एक कल्पना या घरात आहे. १९५८ साली वाचलेल्या ‘बुरशीच्या जाहीरनाम्या’पासून हुंडर्टवासर ती सांगत आले. भाडेकरूने खिडकीतून वाकावे आणि हात पोहोचेल तेथपर्यंतची बाहेरची भिंत आपल्या मनासारखी करावी. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला दुरून कळेल की येथे एक माणूस राहतो, आणि तो शेजाऱ्यापासून वेगळा आहे. या घराच्या भाडेकरारात हा खिडकीचा हक्क आहे. भाड्याच्या घरात खिळा ठोकण्यापूर्वीही मालकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. झाडांनाही ते ‘वृक्ष-भाडेकरू’ म्हणत; प्राणवायू आणि सावली हे त्यांचे भाडे.

या कल्पनेच्या कसोटीवर घर पाहिले की मन द्विधा होते. वास्तुशास्त्राच्या जाणकारांनी या इमारतीला नाके मुरडली, ती वरवरच्या सजावटीबद्दल. तो आक्षेप आम्हांला फारसा टोचत नाही. सजावट हे घराचे पाप नव्हे. आमचा आक्षेप वेगळा आहे. प्रत्येक खिडकी निराळी आहे खरी, पण ती निराळी केली कोणी? भाडेकरू राहायला येण्यापूर्वीच चित्रकाराने सगळे वैविध्य वाटून टाकले होते. तुम्ही वेगळे आहात, हे त्यांच्या वतीने एकाच हाताने लिहिले. जी भिंत आधीच काठोकाठ भरलेली आहे, तिच्यावर तिसऱ्या मजल्यावरील बाईने काय रंगवावे? पांढऱ्या भिंतीवर हक्क बजावण्यास धैर्य लागत नाही. नामांकित चित्रावर कुंचला फिरवण्यास लागते.

या एका हाताने आणखी एक हात झाकला. इमारतीचे आरंभीचे आराखडे योझेफ क्राविना या वास्तुकाराचे. दोघांचे जमले नाही, क्राविना बाजूला झाले आणि पेटर पेलिकान यांनी काम तडीस नेले. घर मात्र एकट्या हुंडर्टवासर यांच्या नावाने जगभर गेले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० साली ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्राविना हे सहनिर्माते असल्याचा निर्णय दिला. अनाम भाडेकरूच्या हातासाठी आयुष्यभर भांडलेल्या कलावंताच्या घराचा हा इतिहास आहे. तो प्रवाशांच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकांत ठळक अक्षरांत असावा असे आम्हांला वाटते.

आणि मग आपण, पाहणारे. घर आतून पाहता येत नाही, ते योग्यच आहे; तेथे लोकांचे संसार आहेत. पाहुण्यांची सोय म्हणून १९९१ साली समोरच्या टायरच्या जुन्या कार्यशाळेचे छोटेसे बाजारगाव करण्यात आले. त्याच वर्षी, थोड्या अंतरावर, कलावंताच्या चित्रांचे संग्रहालयही उघडले. पण समोर दुकाने थाटली म्हणून माना वर करून पाहणे थांबत नाही. सज्ज्यात वाळत घातलेला सदरासुद्धा परदेशी माणसाच्या छायाचित्रात जातो. खिडकी ही भाडेकरूने बाहेर हात काढण्याची जागा असावी, ही मूळ कल्पना. ती आता आत नजर शिरू नये म्हणून पडदा ओढण्याची जागा होते.

ही अडचण दूर देशाचीच आहे असे नाही. बडोद्याचा तांबेकर वाडा आमच्या अनेक वाचकांनी पाहिला असेल. दिवाणाचे ते लाकडी घर, एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रांनी नटलेले, आज पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. तेथे निर्धास्तपणे भिंती न्याहाळता येतात, कारण आतून पडदा ओढणारे कोणी राहिलेले नाही. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये मात्र माणसे राहतात, आणि तेथील निळ्या-पिवळ्या घरांसमोर दिवसभर छायाचित्रे काढणाऱ्यांना कंटाळून काही रहिवाशांनी मनाईच्या पाट्या लावल्या आहेत. एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. गोव्यात पावसाळा सरला की शेवाळलेली भिंत घरमालक स्वतः रंगवून घेतो, आणि कोणता रंग लावावा यावर घरात दोन दिवस वाद होतो. व्हिएन्नाच्या त्या घराचा रंग उडाला की तो कसा पुन्हा द्यायचा हे जुन्या छायाचित्रांवरून ठरू शकते. चित्रकाराचे घर जपायचे झाले तर तसेच करावे लागेल. भाडेकराराप्रमाणे वागायचे झाले, तर आधी वरच्या मजल्यावर जाऊन दार ठोठवावे लागेल आणि विचारावे लागेल, बाई, यंदा कोणता रंग?