फोटोवर फिरवलेला ब्रश

जळगावात काय किंवा धुळ्यात काय, फोटो स्टुडिओत गेलात तर बऱ्याच ठिकाणी कॅनव्हासवर छापलेलं एखादं ‘ऑइल पेंटिंग’ टांगलेलं दिसतं. लग्नाचं जोडपं असतं, नाहीतर कुणाचे तरी गेलेले आजोबा. लांबून बरं दिसतं. जवळ जाऊन बघा. आजोबांच्या गालावर, टोपीवर आणि मागच्या भिंतीवर रंगाचे फटकारे अगदी एकसारखे फिरलेले असतात. म्हणजे ज्यानं हे रंगवलं त्याला आजोबा आणि भिंत यांत काही फरकच वाटलेला नाही. माझी तक्रार एवढीच आहे. संगणक का वापरला, ही तक्रार नाही.

हे कसं घडतं ते थोडं सांगतो. फोटोशॉपच्या 2012 मधल्या सीएस6 आवृत्तीत ‘ऑइल पेंट’ नावाचा फिल्टर आहे, पुढच्या आवृत्त्यांतही तो मिळतो. फोटोतल्या कडा कुठल्या दिशेनं धावतात ते तो बघतो आणि त्या दिशेनं रंग ओढतो. त्यामुळे केस, दाढी, वाऱ्यानं फाटलेलं केळीचं पान यांच्यावर तो खरोखर छान चालतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेचा फोटो घालून बघा, खूश व्हाल. पण गाल, कपाळ, आभाळ इथं मुळात दिशाच नसते. मग तो फोटोतल्या बारीक दाण्यांनाच दिशा समजतो आणि गांडुळासारखे वळसे काढत सुटतो. (हशा) हसताय, पण घरी गेल्यावर भिंतीवरच्या फोटोतलं कपाळ नीट बघा.

फोटोत चित्र असतं म्हणजे काय, हे समजून घ्यायला आपल्याला खानदेशाबाहेर जायची गरज नाही. चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) आपल्याकडचेच. त्यांच्या एकांताच्या आणि रेल्वेगाडीची वाट पाहण्याच्या गोष्टी आपण इतक्या चघळल्या आहेत, की त्यांचे फोटो बघायचेच राहून जातात. टेबलटॉप ही त्यांची खासियत. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांच्यावर हवा तसा प्रकाश टाकायचा, आणि फोटोत त्याचा पार निसर्ग करून सोडायचा. चित्रकाराचं जे काम असतं, काय ठेवायचं, काय अंधारात ढकलायचं, नजर कुठं थांबवायची, ते सगळं शटर दाबायच्या आधीच उरकलेलं. मग वरून ब्रशचे फटकारे कशाला हवेत?

त्यांनी बंगल्याचं नाव ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ ठेवलं होतं, ते मला फार सूचक वाटतं. रेम्ब्रांटची उतारवयातली व्यक्तिचित्रं आठवा. चेहऱ्यावर रंग जाड चढवलेला, अंगरखा चार फटक्यांत भागवलेला, मागचा अंधार पातळ. सगळीकडे सारखं लक्ष द्यायचं नाही, हे त्यानं ठरवलेलं आहे. फिल्टर नेमकं हेच ठरवू शकत नाही.

आपल्याकडे पूर्वी कृष्णधवल फोटो मोठा करून त्याच्यावर हातानं फिनिशिंग करणारे कलाकार असायचे. त्यांच्या हातून डोळे जरा जास्तच पाणीदार व्हायचे, कोट तर कधी कधी सरळ दुसऱ्याचाच! पण चेहऱ्यापाशी आलं की त्यांचा हात हळू व्हायचा. गिऱ्हाईक पैसे मोजायचं ते त्या हळू होण्याचे.

तसं आज संगणकावरही करता येतं, आणि करणारे आहेत. फोटोवर रिकामा लेयर घ्या, मिक्सर ब्रश घ्या, ‘सॅम्पल ऑल लेयर्स’ चालू ठेवा. म्हणजे ब्रश खालच्या फोटोतला रंग उचलतो, पण फटकारा तुमच्या हाताचा असतो. मोठ्या ब्रशनं पार्श्वभूमी झटपट उरका. चेहरा शेवटी घ्या, लहान ब्रशनं, आणि पुष्कळ भाग तसाच राहू द्या. फिल्टरच वापरायचा असेल तर निदान मास्क लावून तो चेहऱ्यावरून पुसा. एवढ्यानंही निम्मं चित्र वाचतं.

कुणी म्हणेल, लोकांना आवडतं ना, मग तुमचं काय जातं? माझं काही जात नाही. पण ज्या घरात वडिलांचा एकुलता एक फोटो आहे, तोही ओळखपत्रावरून मोठा केलेला, तिथं हा फिल्टर हनुवटीवरचा तीळ खातो, डोळ्याशेजारची सुरकुती खातो. आई रोज त्या भिंतीकडे बघणार. नातवाला तर आजोबा तेवढेच माहीत होणार.

म्हणून स्टुडिओवाल्या मित्रांना विनंती, बिलावर ‘कॅनव्हास प्रिंट’ लिहा, पेंटिंग लिहू नका. हातानं काम केलं असेल तर किती तास लागले ते लिहा आणि त्याचे पैसे वाजवून घ्या. आणि तुम्ही गिऱ्हाईक म्हणून गेलात, तर निघताना मूळ फोटो परत मागून घ्या. तो काउंटरवर राहून जातो.