एका पानाचा पेपर आणि जाळं फाडणारी वाम

वर्ध्यात बसून समुद्रावर काय लिहिणार, असं तुम्ही म्हणाल. पण आज ज्या पेपरबद्दल बोलायचं आहे, तो मला पवनारजवळ धाम नदीच्या काठावर समजला.

पेपर आहे डॅनियल पॉली यांचा. पॉली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मत्स्यशास्त्रज्ञ. १९९५ साली त्यांनी जेमतेम एका पानाचा लेख लिहिला. मुद्दा सोपा: प्रत्येक पिढीचा शास्त्रज्ञ आपल्या करिअरच्या सुरुवातीला समुद्रात जेवढे मासे पाहतो, तेवढेच ‘मूळचे’ समजतो. पुढची पिढी त्याहून कमी मासे पाहते आणि तेच मूळ मानते. म्हणजे मोजायची रेषाच खाली सरकत जाते. याला ‘शिफ्टिंग बेसलाइन’ म्हणतात. आपण सरकती आधाररेषा म्हणू. पॉलींचा उपाय असा की जुन्या लोकांचे किस्सेही पुरावा म्हणून वापरा.

त्यांनी दिलेला एक किस्सा बघा. त्यांच्या एका सहकाऱ्याचे आजोबा १९२० च्या दशकात डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या कॅटेगॅट समुद्रात बांगड्याच्या जातीच्या माशासाठी जाळी लावत. त्यात मोठमोठे ट्यूना अडकायचे आणि आजोबा वैतागायचे, कारण ट्यूनाला तेव्हा गिऱ्हाईकच नव्हतं.

किस्सा छान आहे, पण तो पुरावा का ठरतो हे पॉली सांगत नाहीत. माझ्या मते इथेच पेपर कमी पडतो. हा किस्सा पटतो, कारण त्यात जागा आहे, काळ आहे, जाळं कशाचं होतं ते आहे. शिवाय ती बढाई नाही, तक्रार आहे. ट्यूना भरपूर होते असं सांगून आजोबांना काही मिळणार नव्हतं. ‘आमच्या काळी मासे लय होते’ या वाक्यात यातलं काहीच नसतं.

दुसरी उणीव अशी, की लोक विसरतात हे पॉली गृहीत धरतात. ते तपासलं नंतरच्यांनी. २००५ साली कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या तीन पिढ्यांच्या मच्छीमारांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी मुबलक असलेल्या पण आता घटलेल्या माशांच्या जाती म्हाताऱ्यांनी तरुणांच्या पाचपट सांगितल्या. २००९ साली पॅपवर्थ आणि सहकाऱ्यांनी एक अटही घातली: निसर्गात खरोखर बदल झालाय हे आधी दाखवा, मगच विस्मरणाबद्दल बोला. नाहीतर ती नुसती जुन्या दिवसांची आठवण.

आता आपल्या किनाऱ्यावर, मालवणला येऊ. १९७९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या कासिम आणि वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली. त्यात मालवण होतं. १९८७ मध्ये तिथं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग धरून. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. आता विचार करा, या प्रवाळाची मूळ स्थिती कोणती धरायची? १९७९ ची? तोवर राज्याच्या किनाऱ्यावर ट्रॉलर येऊन वर्षं झाली होती. त्याआधीचं जे काही आहे, ते रापण ओढणाऱ्यांच्या आठवणीत.

पण त्या आठवणी कॅटेगॅटच्या आजोबांसारख्या निर्हेतुक नाहीत. रापणवाले आणि पर्ससीनवाले यांच्यातला संघर्ष जुना आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले, तेव्हा कुणाचं पोट कशावर आहे हा प्रश्न होताच. रापणकराची ‘मासा कमी झाला’ ही तक्रार पुरावाही आहे आणि मागणीही. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण तिला दुसरा आधार शोधावा लागतो: उतरलेल्या मासळीच्या नोंदी, लिलावाच्या वह्या, जुने फोटो. आधाररेषा ठरवायला कोणाला बसवायचं, याबद्दल पॉलींचं एक पान गप्प आहे.

हे मला का टोचतं? माझ्या प्रबंधात भोई म्हाताऱ्यांच्या मुलाखतींचं एक प्रकरण आहे. ‘किस्से म्हणजे डेटा नव्हे, काढून टाका,’ असा सल्ला मिळालाय. पॉलींचं नाव पुढे करून वाद घालता आला असता. पण पेपर पुन्हा वाचल्यावर वाटलं, सल्ला अर्धा बरोबर आहे.

म्हणून मी वह्या उघडून बसले. ‘पहिले मरळ लय भेटे’ अशी वाक्यं बाजूला काढली. ती बरीच निघाली, वाईट वाटलं. मग एका बाबाजींचं बोलणं सापडलं. पावसाळा सरता सरता वाम जाळ्यात असा पीळ घालायची, की रोज दुपारी जाळं शिवत बसावं लागे. ‘वैताग होता तो,’ म्हणाले. डोह कोणता, जाळं कसलं, धरणाआधी की नंतर, सगळं त्यांनी न विचारता सांगितलं होतं.

हे वाक्य प्रबंधात राहणार. त्यासाठी भांडायची तयारी आहे. बाकीच्यांसाठी मात्र पुन्हा पवनारला जावं लागेल, आणि या वेळी प्रश्न वेगळा असेल: मासे किती होते हा नाही, तर तेव्हा त्रास कशाचा होता?

तुमच्या घरात असं कोणी असेल, तर तुम्हीही विचारून बघा.