संत्र्याची साल आणि येरवड्याचा करार

गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करणाऱ्याला वाटाघाट हे शास्त्र आहे असे कोणी सांगितले नव्हते. सोयरिकीच्या बैठकीत देण्याघेण्याची बोलणी करणाऱ्या थोरल्यांनाही नाही. वाटाघाट ही अंगात असावी लागते, असाच समज होता. ती शिकवता येते, तिच्यावर संशोधन करता येते, हा विचार विद्यापीठांत रुजला तो गेल्या पन्नासएक वर्षांत. त्यात १९७९च्या सुमारास सुरू झालेल्या ‘हार्वर्ड निगोशिएशन प्रोजेक्ट’चा वाटा मोठा आहे. या प्रकल्पातून रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचे ‘गेटिंग टू येस’ हे छोटेखानी पुस्तक १९८१ साली आले. आज व्यवस्थापन, कायदा, मुत्सद्देगिरी यांच्या वर्गांतून जे शिकवले जाते, त्याचा पाया बऱ्याच अंशी हेच पुस्तक आहे. या पायाची एक बाजू कच्ची आहे असे मला वाटते. ती कोणती, हे आपल्याच इतिहासातील एका कराराच्या आधारे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

पुस्तकाचे मुख्य सूत्र सोपे आहे. भांडणारे लोक ‘भूमिका’ मांडतात, पण त्यांना हवे असते ते त्या भूमिकेमागचे ‘हित’. दोन बहिणी एका संत्र्यावरून भांडतात, शेवटी अर्धे अर्धे करून घेतात. एक गर खाऊन साल फेकते, दुसरी केकसाठी साल घेऊन गर फेकते. आधी विचारले असते, तर दोघींनाही सगळे मिळाले असते. ग्रंथालयातल्या खिडकीचे उदाहरणही याच जातीचे: एकाला वारा हवा, दुसऱ्याला झोत नको, म्हणून शेजारच्या खोलीची खिडकी उघडायची. या खिडकीची मूळ मालकीण मेरी पार्कर फॉलेट. तिने १९२५ साली एका व्याख्यानात हा स्वतःचा अनुभव सांगितला होता. संघर्ष मिटवण्याचे वर्चस्व, तडजोड आणि समन्वय असे तीन मार्ग तिने मांडले आणि तिसऱ्याची बाजू घेतली.

या विचाराचे ऋण मान्य करायला हवे. १९७८च्या कॅम्प डेव्हिड वाटाघाटींत इजिप्तला सिनाईवर सार्वभौमत्व हवे होते आणि इस्राएलला सुरक्षितता. भूमी इजिप्तला परत, पण तिचा मोठा भाग सैन्यमुक्त, असा मार्ग निघाला. नकाशावर रेघ कुठे मारायची एवढ्यावरच दोघे अडून बसते, तर तो निघाला नसता. मात्र त्याच ठिकाणी वेस्ट बँक आणि गाझा यांचा प्रश्न मोघम आराखड्यात गुंडाळला गेला. त्या प्रश्नातल्या पॅलेस्टिनींना तिथे खुर्ची नव्हती.

पुस्तकावर टीका लवकरच झाली. जेम्स व्हाइट या कायद्याच्या प्राध्यापकाने १९८४ साली लिहिले, की अनेक वाटाघाटींत एक वेळ अशी येतेच, जेव्हा एकाला जास्त मिळाले की दुसऱ्याला कमी मिळते; आणि नेमक्या त्या अवघड भागाला हे पुस्तक बगल देते. फिशरने त्याला उत्तरही दिले. माझा आक्षेप याच्या थोडा पुढचा आहे.

दुबळ्या पक्षाने काय करावे, यावर फिशर-युरींचे उत्तर ‘बॅटना’ हे आहे. बोलणी फिसकटली तर आपल्या हातात उरणारा सर्वांत चांगला पर्याय, असा त्याचा अर्थ. खरी ताकद पैशात किंवा पदात नसून या पर्यायात असते. तो चांगला असेल तर दुबळा मनुष्यही ताठ मानेने उठून जाऊ शकतो. ही कसोटी सप्टेंबर १९३२ला लावून पाहू.

ऑगस्ट १९३२मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्य मतदारांना स्वतंत्र मतदारसंघातले एक मत आणि सर्वसाधारण मतदारसंघातले दुसरे मत मिळाले. संबंधित समाजांनी आपसांत करार केला तरच हा निवाडा बदलेल, असे सरकारने म्हटले होते. म्हणजे डॉ. आंबेडकरांनी सही केली नसती, तर निवाडा जसाच्या तसा राहिला असता. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने इतका उत्तम पर्याय क्वचितच कुणाच्या हाती असतो. काही न करणे हाच त्यांचा ‘बॅटना’ होता.

२० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात बासष्ट वर्षांच्या गांधीजींनी आमरण उपोषण सुरू केले आणि तो पर्याय काही दिवसांत निकालात निघाला. कागदावर निवाडा होताच. पण गांधीजींचे बरेवाईट झाले असते, तर त्याची किंमत गावोगावच्या वेशीबाहेरच्या वस्त्यांनी मोजली असती. उपोषणाआधी काढलेल्या निवेदनात आंबेडकरांनी ही भीती स्पष्ट बोलून दाखवली होती. २४ तारखेला करारावर सह्या झाल्या, २६ला उपोषण सुटले.

आता करार पाहा. ‘हिता’च्या पद्धतीने वाचला, तर तो संत्र्याच्या गोष्टीत शोभेल. एकाला हिंदू समाजाची राजकीय फाळणी नको होती, म्हणून संयुक्त मतदारसंघ आले. दुसऱ्याला प्रतिनिधित्व हवे होते, म्हणून प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. निवाड्यातल्या जागांच्या त्या जवळजवळ दुप्पट. मधला दुवाही कल्पक होता: आधी अस्पृश्य मतदारांनीच चार उमेदवार निवडायचे, मग त्यांतून एक सर्वांनी मिळून. वर्गात हा करार नावे बदलून दिला, तर विद्यार्थी त्याला उत्तम गुण देतील.

पण आंबेडकरांनी त्याला ते गुण कायम दिले नाहीत. करारानंतर लगेच मुंबईत ते सौजन्याने बोलले. १९४५च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या ग्रंथात मात्र त्यांनी करारावर कठोर टीका केली, आणि १९४७च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये स्वतंत्र मतदारसंघांची मागणी पुन्हा ठेवली. कारण जागा वाढल्या, तरी त्या जागेवर कोण बसणार हे ठरवणारा शेवटचा हात बहुसंख्याकांचा झाला. आपल्या लोकांनी चौथ्या क्रमांकावर ठेवलेला उमेदवारही निवडून येऊ शकत होता. जागा मोजता येतात. प्रतिनिधी कुणाला बांधील राहील, हे मोजता येत नाही.

इथे हार्वर्डच्या शिकवणुकीपेक्षा थॉमस शेलिंगचा १९६०चा ‘द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट’ हा ग्रंथ अधिक उपयोगी पडतो. जो स्वतःचे हात बांधून घेतो, तो समोरच्याला बांधतो, असे तो सांगतो. परतीचा पूल जाळणाऱ्या सैन्याला माघार घेताच येत नाही, म्हणून निर्णयाचा भार शत्रूवर जातो. गांधीजींनी मार्चमध्येच सरकारला आपला निश्चय कळवला होता. त्यांचा हेतू डावपेचाचा नव्हता. सवर्णांचे मन जागे व्हावे हा होता, आणि त्या दिवसांत अनेक ठिकाणी देवळे व विहिरी खुल्या झाल्या हेही खरे. पण हेतू शुद्ध असला, म्हणून दाब कमी होत नाही. उपवास सवर्णांना उद्देशून होता, आणि सही मात्र आंबेडकरांकडून हवी होती.

वाटाघाटीचे शिक्षण मुख्यतः नाट्यरूप सरावातून दिले जाते. प्रत्येक विद्यार्थ्याला गोपनीय कागद मिळतो. त्यावर त्याचा पर्याय छापलेला असतो, आणि तास संपेपर्यंत तो बदलत नाही. हरलेला विद्यार्थी जेवायला जातो. बाहेर मात्र बलवान पक्ष टेबलावर बोलत असतानाच टेबलाबाहेर तुमचा पर्याय खोडत असतो: मालक टाळेबंदी लावतो, गाव पाणी तोडते. संत्र्याच्या बहिणी एकाच घरच्या आणि बरोबरीच्या आहेत, म्हणून ती गोष्ट जमते. १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीत, ब्रूस पॅटन सहलेखक झाल्यावर, सत्तेच्या प्रश्नाला वेगळे उत्तर जोडले गेले. पण ते पुस्तकाच्या शेवटी येते. तो प्रश्न सुरुवातीला यायला हवा होता.

फॉलेटची खिडकी सगळ्यांनी उचलली. दुसऱ्यावर चालणारी सत्ता आणि दुसऱ्यासोबत उभी राहणारी सत्ता हा तिनेच केलेला भेद मात्र खिडकीइतका लोकप्रिय झाला नाही. तो पुन्हा पहिल्या धड्यात आणायला हवा. म्हणजे ‘तुम्हाला खरे काय हवे आहे’ याच्या आधी दोन प्रश्न विचारले जातील: बोलणी मोडली, तर मार कोण खाणार? आणि करार झाल्यावर त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कुणाकडे राहणार?

संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा हा येरवड्यातला गाभा राज्यघटनेच्या ३३० व ३३२ या अनुच्छेदांत आजही आहे. म्हणून पुणे करार ही केवळ इतिहासाच्या परीक्षेतली टीप नाही. दर निवडणुकीत राखीव जागेवरचा उमेदवार मत मागायला निघतो, तेव्हा त्या चार दिवसांतली वाटाघाट पुढे चालू असते. ती ज्या विषयात शिकवली जात नाही, त्या विषयाने संघर्ष मिटवण्याचे शास्त्र हे नाव जपून वापरावे.